साताऱ्याच्या पोवई नाक्यावरच्या दुकानातील दादांस

आदरणीय दादा,
सादर नमस्कार.

कास रस्त्यावरील एका निवास-न्याहारी केंद्राचे संकेतस्थळ मागच्या आठवड्यात सुरू झाले. ते मी तयार केले, आणि ज्या क्रोमबुकवर (गूगलच्या क्रोमओएस प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपवर) केले तेच घेऊन पावसाळ्यात आपल्या दुकानात आले होते. आपल्याला कदाचित आठवणारही नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

त्याआधी मी दोन ठिकाणी जाऊन आले होते. एका दुकानात लॅपटॉप उघडलासुद्धा नाही. उलटा करून खालचे लेबल वाचले आणि 'हा नुसता ब्राउझर आहे, शाळेच्या अभ्यासापुरता' असे सांगून परत सरकवला. ज्या क्लासची फी भरली होती, तेथील सर सर्वांदेखत म्हणाले, 'आधी खरा लॅपटॉप आण.' बाबांनी 14 हजार रुपये कसे जमवले हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण 2018 पासून क्रोमओएसवर लिनक्स, म्हणजे प्रोग्रॅमिंगची साधने चालवणारी दुसरी प्रणाली, चालवण्याची सोय आहे, एवढे वेब डेव्हलपमेंट शिकवणाऱ्याला माहीत असायला हवे होते. (राग अजून गेलेला नाही, हे कबूल करते.)

आपण लॅपटॉप उलटा केला नाहीत. 'काय करतेयस, दाखव' म्हणालात आणि माझे अर्धवट पान शेवटपर्यंत वाचलेत. मग लिनक्स सुरू करताना कीबोर्ड माझ्याच पुढ्यात ठेवलात: 'तूच टाइप कर, घरी मी नसणार.' दोन गिऱ्हाइके ताटकळत उभी असताना माझी चुकलेली अक्षरे दुरुस्त होईपर्यंत आपण थांबलात. टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची, ती काळी खिडकी मी तोवर फक्त सरांच्या पडद्यावर पाहिली होती. तिच्यात नोड (जावास्क्रिप्ट चालवणारे साधन) चालू झाले, लोकलहोस्टवर, म्हणजे माझ्याच लॅपटॉपवर, माझे पान उमटले, आणि आपण काही न बोलता पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलात. ते न बोलणेही मला फार भावले.

आपण खोटी आशाही दाखवली नाहीत. म्हणालात, 4 जीबी रॅममध्ये लिनक्स आणि क्रोमचे टॅब एकाच ताटात जेवतात, तेव्हा टॅब मोजके ठेव. अँड्रॉइड स्टुडिओच्या (मोबाइल ॲप बनवण्याच्या जड सॉफ्टवेअरच्या) वाटेला जाऊ नकोस. लॅपटॉप रीसेट केला की लिनक्सच्या फायली पुसल्या जातात, म्हणून रोजचे काम रोज गिटने इंटरनेटवरच्या साठ्यात चढव. आणि कोणी जुने क्रोमबुक स्वस्तात घेत असेल, तर त्याची अपडेट कोणत्या साली बंद होणार ते आधी पाहायला सांग. हे सारे मी आता मैत्रिणींना जणू माझेच म्हणून ऐकवते.

जाणकार माणसे साताऱ्यात कमी नाहीत. पण जाणतेपण वाटताना समोरच्याच्या वस्तूची किंमत न पाहणारी मला तरी क्वचितच भेटली. पैसे विचारले तर 'मी दुरुस्त काय केले?' असे म्हणून आपण मलाच निरुत्तर केलेत.

येत्या शनिवारी पेढे घेऊन येत आहे. तयार कोडचे एक पॅकेजही अडले आहे, तेवढे पाहाल का? टाइप मीच करीन.

आपली कृतज्ञ,
क्रोमबुकवाली मुलगी