परतणाऱ्यांना काय येतं, ते विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी शिक्षणाच्या मेळाव्यांच्या बातम्या आणि जाहिराती आपल्या दैनिकात नेहमी असतात. कॉलेज रोड, गंगापूर रोडला कन्सल्टंटचे फलक तर बारा महिने. कोर्स कोणता घ्यावा, कर्ज किती मिळेल, व्हिसाला कागद काय लागतील, हे सगळं नाशिकमध्ये बसल्या जागी कळतं. शिकून परत येणाऱ्याला मात्र, बाई तू काय शिकून आलीस, असं विचारणारं कुणी नाही. त्यासाठी हे पत्र.

मी निफाड तालुक्यातल्या उगावची. इंग्लंडमध्ये लीड्सला अन्नविज्ञानाचं एका वर्षाचं एमएस्सी केलं. प्रबंध नुकताच जमा केला असून आता खोली आवरून महिनाअखेर घरी येते आहे. व्हिसाची मुदत अजून शिल्लक आहे, शिवाय शिक्षण संपल्यावर इथे राहून काम करायचा वेगळा व्हिसाही मागता आला असता. तो न मागता मी ठरवून परत येते आहे. एवढं स्पष्ट लिहायचं कारण म्हणजे, येतेय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "का गं, तिकडं काम नाही लागलं का?" आत्या, मावशी काळजीपोटी विचारतात, त्याचं काही नाही. पण नाशिकजवळच्या एका अन्नप्रक्रिया कंपनीच्या ऑनलाइन मुलाखतीतही सुरुवात याच प्रश्नाने झाली आणि ते फार लागलं. पुढे ऐकवलं गेलं की एका वर्षाचं एमएस्सी आपल्याकडे चालत नाही. जुलै २०२२ मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात पदव्यांच्या परस्पर मान्यतेचा करार झालेला आहे. अभियांत्रिकी, वैद्यकीय, औषधनिर्माण, कायदा अशा व्यावसायिक पदव्या त्यात नाहीत, पण एका वर्षाची मास्टर्स आहे. मी हे सांगितलं. त्यावर, "तुम्ही वर्षभरात पुन्हा परत जाल," असं म्हणून विषय संपला. माझा प्रबंध कशावर आहे, हे शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही.

तो द्राक्षाच्या देठावर आहे. मार्च-एप्रिलमध्ये इथल्या सुपरमार्केटात आपली द्राक्षं येतात. अर्ध्या किलोचं पनेट, म्हणजे प्लास्टिकचा छोटा डबा, त्यावर बारीक अक्षरात देशाचं नाव. शेजारच्याच फळीवर दक्षिण आफ्रिकेचा नाहीतर चिलीचा माल. मी दोन्ही पनेटं हातात धरून बघायची. मणी आपला कुठेच कमी नसतो, टणक आणि गोड. पण घड उचलला की देठ दिसतो, आणि तो कित्येकदा तपकिरी पडून काडीसारखा कडक झालेला असतो. देठ हिरवा तर माल ताजा, वाळला तर शिळा, अशी इथल्या गिऱ्हाइकाची पारख. मण्याच्या अंगावर मेणाचा नैसर्गिक थर असतो, तो पाणी धरून ठेवतो. देठाला तसं कवच नाही, त्यामुळे घड वेलीवरून उतरला की सगळ्यात आधी देठ सुकायला लागतो. कंटेनरमध्ये शून्य अंशाच्या आसपास तापमान नीट राखलं, तरी त्याआधी बागेत उन्हात गेलेली वेळ भरून निघत नाही. काढणी सकाळी होते, पण क्रेट गाडीची वाट बघत बांधावर थांबतात, मग पॅकहाऊसच्या दारात थांबतात, आणि प्रीकूलिंगला, म्हणजे माल झटपट गार करायला, जाईपर्यंत दुपार होते. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून युरोपात येऊ लागली. प्रवास असा लांबला की बागेतल्या त्या दोन-तीन तासांचा फटका आणखी मोठा बसतो.

इकडे हे होतं आणि तिकडे आमच्या आप्पांना फोन येतो, "क्लेम आलाय, पैसे कापावे लागतील." क्लेम म्हणजे खराब मालापोटी खरेदीदाराने मागितलेली भरपाई. तो का आला, देठ वाळला की मणीगळ झाली, माल नेमका कुठे तापला, हे शेतकऱ्यापर्यंत पोचतच नाही. पोचलं तर तो सुधारणा करतो, हे आपल्या जिल्ह्याने दाखवलेलं आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून युरोपात आपली द्राक्षं अडकली, केवढं नुकसान झालं ते निफाड-दिंडोरीत कुणाला सांगायला नको. आज साधा बागायतदारही एमआरएल (मालात चालणाऱ्या रसायनाच्या अंशाची कमाल मर्यादा), काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी ते काढणी यांतलं अंतर), लॅब रिपोर्ट असं बोलतो. देठाच्या बाबतीतही हे होऊ शकतं. त्यासाठी परदेशी यंत्रं लागत नाहीत. क्रेटमध्ये ठेवायचा तापमापक आणि प्रत्येक टप्प्याची वेळ लिहून ठेवणारा माणूस, इतकंच लागतं.

माझ्यासारखे आणखी बरेच जण या दिवसांत आवराआवर करत असतील. ब्रिटनमधून येणाऱ्यांसाठी थोडं लिहिते, कारण मला ही माहिती दहा ठिकाणी विचारून गोळा करावी लागली. पदवीच्या प्रमाणपत्रावर अपोस्टिल, म्हणजे ते खरं असल्याचा दुसऱ्या देशात चालणारा सरकारी दाखला, लागणार असेल तर ते ब्रिटनच्याच सरकारी कार्यालयातून होतं, भारतात येऊन होत नाही. पदवीदान पुष्कळदा हिवाळ्यात असतं, तेव्हा गुणपत्रक आणि कोर्स पूर्ण झाल्याचं पत्र आधीच मागून घ्या. अर्धवेळ कामातून जादा कर कापला गेला असेल तर पी-८५ हा अर्ज भरून तो परत मागता येतो. खासगी घरात राहत असाल तर निघायच्या दिवशी खोलीचे फोटो काढा, अनामत मागताना उपयोगी पडतात.

आता मागणं. ऑक्टोबर छाटणी उरकल्यावर, जानेवारीतल्या काढणीच्या आधी थोडा वेळ काढावा. त्या काळात कृषी विज्ञान केंद्र, द्राक्ष बागायतदार संघ आणि निमा, आयमा या उद्योजकांच्या संघटना यांनी मिळून एक दिवस ठेवावा आणि परदेशात शिकून आलेल्या मुलामुलींना समोर बसवून कामाचे प्रश्न विचारावेत. सत्कार, शाल-श्रीफळ नको. सातपूर-अंबडच्या कारखानदाराने त्याची अडचण सांगावी, चितेगावच्या कांदा संशोधकांनी त्यांची, बागायतदाराने त्याची. ज्याला त्यातलं येतं तो हात वर करील. डोक्यावर शैक्षणिक कर्ज असतं, कोर्स संपल्यावर साधारण वर्षभरात हप्ते सुरू होतात. तोवर गावात कुणी विचारलंच नाही, तर त्यातले पुष्कळ जण पुण्या-मुंबईची वाट धरतात आणि त्यांचा विषय नाशिकला कधी कळतही नाही. आपल्या दैनिकानेही आठवड्यातून एक छोटी चौकट द्यावी: कोण परत आलं आणि काय शिकून आलं.

मी ऑक्टोबरपासून उगावलाच असेन. येत्या हंगामात आपल्या मालाची बागेपासून कंटेनरपर्यंतची तापमानाची नोंद ज्या पॅकहाऊसला हवी असेल, त्यांनी कळवावं. माझं नाव, पत्ता आणि फोन नंबर आपल्या कार्यालयाकडे सोबत पाठवला आहे, तो विचारणाऱ्याला जरूर द्यावा.

आपली,
एक विद्यार्थिनी
उगाव, ता. निफाड, जि. नाशिक
(सध्या लीड्स, इंग्लंड)