सबनीस म्हटलं की आपलेच

नौपाडा, ठाणे

ती. आई आणि बाबांना,
सा. न. वि. वि.

बिल्डिंग रिकामी करायची तारीख महिन्याअखेरची ठरली. सामान बहुतेक बांधून झालंय. परवा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली, तर तळाशी लाल फडक्यात बांधलेलं आजोबांचं बाड निघालं. सोळा कागद आहेत. अकरा मोडीत, बाकीचे बाळबोध. दोन-तीन घडीवर फाटलेत, पण वाळवी लागलेली नाही. ते मी नाशिकला येताना घेऊन येते. हे पत्र मात्र त्याआधी हातात पडावं म्हणून लिहितेय, कारण एक काम तुम्हालाच करायचं आहे.

बाबा, तुम्हाला आठवतं? टेलिफोन डिरेक्टरी नवी आली की तुम्ही आधी सबनीसांचं पान काढायचात. 'सबनीस म्हटलं की आपलेच' असं म्हणायचात. गाडीत कुणी सबनीस भेटले तर डबा अर्धा त्यांच्यापुढे जायचा. मला ते फार आवडायचं. वर्षापूर्वी आपल्या आडनावाच्या मागे लागले, ते तुमच्या त्या वाक्याचा पुरावा शोधायलाच.

सुरुवात आपल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून केली. १८९३ सालची संस्था, आणि तुम्ही मला बोट धरून तिथेच नेलं होतंत. तिथे कुलवृत्तांत चाळले, छापलेली ऐतिहासिक पत्रं वाचली. सरदेसायांनी पेशवे दफ्तरातून निवडून १९३० ते १९३४ या काळात जे पंचेचाळीस खंड काढले, त्यांतले जेवढे हाती आले तेवढे पाहिले. सबनीस जागोजागी सापडायला लागले आणि मी हरखून गेले. मग हळूहळू लक्षात आलं की त्यातले बरेचसे आडनावाचे सबनीस नव्हतेच. सबनीस हा हुद्दा. किल्ल्यावर हवालदार, सरनोबत, कारखानीस असत, तसा सबनीस. माणसांचा हजेरीपट आणि लिखापढी त्याच्याकडे. फडणीस, चिटणीस, पोतनीस यांतला शेवटचा 'नीस' फारसी 'नवीस'वरून आलेला, म्हणजे लिहिणारा. जितके किल्ले तितके सबनीस. वेगवेगळ्या जातींत, वेगवेगळ्या गोत्रांत हे आडनाव दिसतं ते त्यामुळेच. आपापल्या जागी कुणा पूर्वजाने हजेरी लिहिली, आणि घराला नाव चिकटलं.

मोडी शिकल्यावर तर हे आणखी कठीण झालं. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत जातात. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. त्यामुळे कागदावर 'बाळाजी सबनीस' असं आलं, तरी तो बाळाजी नावाचा सबनीस की सबनीस आडनावाचा बाळाजी, ते अक्षरावरून कळत नाही. वर तारखेच्या जागी 'इहिदे सबैन मया व अलफ' असं काही असतं. एक, सत्तर, शंभर, हजार. म्हणजे सुहूर सन ११७१, आपलं १७७०-७१. तो हिशेब पहिल्यांदा एकटीने जमला तेव्हा तुम्हाला फोन करावासा वाटला होता. रात्रीचे साडेअकरा वाजले होते म्हणून केला नाही.

तर आडनाव धरून मागे जाता येत नाही, एवढं मला पटलं. गाव धरून जाता येतं. म्हणून शहापूरच्या बाजूला आपल्या गावची जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही पाहायला अर्ज केला. कोतवाल बुक म्हणतात ना, ते. तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला वही समोर आली.

आजोबांच्या वडिलांचं नाव मी लगेच ओळखलं. १९०८ सालची आजोबांची नोंद मिळाली. आणि बाबा, १९११ साली त्याच नावापुढे आणखी एक नोंद आहे. मूल: मुलगी. नाव लिहिलेलं नाही. तेव्हा अशा नोंदींत पुष्कळदा बापाचंच नाव असे, मुलाचं नसे, हे मला माहीत होतं. तरी मी त्या शब्दावर बोट ठेवून बराच वेळ बसून राहिले. तुम्ही नेहमी सांगत आलात, आजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ, दोघंच. आजोबांना पाठची बहीण होती.

पुढच्या सहा वर्षांच्या मृत्यूच्या नोंदी मी ओळ न् ओळ वाचल्या. तिची नाही. म्हणजे ती वाढली असेल, लग्न होऊन गेली असेल. गेली त्या दिवसापासून सबनीस राहिली नाही, आणि मी वर्षभर सबनीसच शोधत होते. माझ्या आधार कार्डावर तरी आज कुठे सबनीस आहे? आई, तुझं माहेरचं आडनाव आपल्या घरातल्या एकाही कागदावर नाही. काल ट्रंकेतले बाळबोध कागद पुन्हा वाचले, मुद्दाम तेवढ्यासाठी. नाही.

म्हणून आई, हे तुला विचारतेय. सासूबाईंजवळ दुपारी निवडायला बसायचीस तेव्हा कानावर काही आलं होतं का? आजोबा भाऊबीजेला कुठे जायचे? कुठल्या गावाहून कधी लुगडं-खण यायचे? मंगळागौरीच्या, डोहाळजेवणाच्या बोलण्यात कुणा वन्संचं नाव? अर्धवट आठवलं तरी सांग. गावाचं नुसतं पहिलं अक्षर आठवलं तरी चालेल.

आणि बाबा, तुमचं काम. १९७४ साली तुम्ही आजोबांच्या अस्थी रामकुंडावर नेल्या होत्या, तेव्हा उपाध्यांच्या वहीत सही केली असेल. पंचवटीतले तीर्थोपाध्ये गाव आणि आडनाव विचारून यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या काढतात. आलेला माणूस स्वतःच्या हाताने बापाचं, आजाचं, भावांचं नाव लिहून जातो, आणि कधी कधी बरोबर आलेल्या बायकांचंही. आजोबांचे वडील तिथे एकदा तरी गेले असतीलच. आडनावाआधी गाव सांगा, नाहीतर दुसऱ्याच सबनीसांची वही उघडतील.

दादाला बरोबर न्या, रामकुंडाच्या पायऱ्या ओल्या असतात. सकाळी जा. फोटो काढू देतील का ते आधी विचारा, नाही म्हणाले तर दादाला हाताने उतरवून घ्यायला सांगा, आणि जसं लिहिलंय तसंच, ऱ्हस्व-दीर्घ न सुधारता. मोडीत असेल तर थांबा. मी शुक्रवारी रात्री पोचते, शनिवारी आपण पुन्हा जाऊ.

आईचं गुडघ्याचं तेल संपलं असेल, येताना आणते.

तुमची,
सुमा