लक्षणांबरोबर तारखाही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत एचआयव्हीच्या सुरुवातीच्या लक्षणांची चौकट आली होती. ताप, घसा दुखणे, तोंडात व्रण, मानेत गाठी. त्यात चुकीचे काही नव्हते, पण कोणती तपासणी कधी करायची याबद्दल अवाक्षर नव्हते. मी दंतवैद्य आहे. अशा याद्या वाचून धास्तावलेली माणसे माझ्याकडे येतात, म्हणून हे लिहिते आहे.

ती येतात दात दाखवायला. तपासून झाले, खुर्चीतून उठायची वेळ आली, की हळूच विचारतात, "डॉक्टर, जिभेच्या मागे हे फोड कसले?" जिभेच्या मुळाशी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात आठ-बारा गोल उंचवटे असतात. ते सगळ्यांनाच असतात, चव कळायला लागतात. पण मध्यरात्री मोबाइलचा टॉर्च लावून घसा पाहणाऱ्याला ते आयुष्यात पहिल्यांदा दिसतात आणि त्याच्या काळजाचा ठोका चुकतो. गालाच्या आत दातांच्या रेषेत उमटलेली पांढरी रेघ आणि टॉन्सिलच्या खाचेतले पिवळसर खडे यांनीही लोकांची झोप उडालेली मी पाहिली आहे. सारखे आवंढे गिळून घसा दुखतो का ते पाहत राहिले, तर तो दुखू लागतोच. मानेतल्या गाठी चाचपून चाचपून हुळहुळ्या होतात. काळजीने तोंड कोरडे पडते, जिभेवर थर जमतो आणि तो थर पाहून काळजी दुप्पट होते.

लागण झाल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांनी अनेकांना ताप येतो, घसा दुखतो, अंगावर पुरळ येते, क्वचित तोंडात व्रणही होतात. पण फ्लूमध्ये किंवा दुसऱ्या एखाद्या विषाणूच्या तापातही हेच होते. नुसता घसा पाहून फरक सांगणे मला जमत नाही, कुठल्याच डॉक्टरला जमत नाही. शिवाय काहींना लागण होऊनही काहीच जाणवत नाही. घसा ठणठणीत आहे म्हणून तपासणी टाळणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते.

बुरशीच्या पांढऱ्या थराचेही तसेच. एचआयव्हीमध्ये तो बहुधा उपचाराविना वर्षे गेल्यावर, प्रतिकारशक्ती बरीच खालावल्यावर दिसतो. अँटिबायोटिकनंतर, मधुमेहात, कवळीखाली, दम्याचा स्टिरॉइड पंप घेऊन चूळ न भरणाऱ्यांतही तो येतो. यातले कुठलेच कारण सापडले नाही, तर मी स्वतःच रक्त तपासायला सांगते.

आता तारखा. असुरक्षित संबंध आला असेल किंवा दुसऱ्याने वापरलेली सुई टोचली असेल, तर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितके बरे, डॉक्टरांकडे जाऊन प्रतिबंधक औषधे मागावीत. ती २८ दिवस घ्यायची असतात. ती वेळ निघून गेली असेल, तर शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत होणारी अँटिजेन-अँटिबॉडी तपासणी (विषाणूचा अंश आणि त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिद्रव्ये, दोन्ही शोधणारी) १८ ते ४५ दिवसांत लागण पकडते. फक्त अँटिबॉडी पाहणाऱ्या तपासणीला २३ ते ९० दिवस लागतात. त्याआधीचा निगेटिव्ह अहवाल अंतिम धरता येत नाही, आणि त्या काळानंतरचा निगेटिव्ह आला, मध्ये नवा धोका घडला नाही, तर घशाची भीती सोडून द्यावी. चुंबनातल्या लाळेने किंवा एका पेल्यातून पाणी प्यायल्याने हा विषाणू पसरत नाही.

एक तरुण धोका घडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून आरशात घसा पाहत होता. माझ्याकडे आला तेव्हा ७२ तास कधीच उलटून गेले होते. त्याचे पुढे काय झाले, ते सांगण्याचा अधिकार मला नाही. पण त्याने लक्षणांच्या याद्या पाठ केल्या होत्या आणि ७२ तासांची गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती, याची मला अजून चीड येते.

अहवाल पॉझिटिव्ह आला तरी आज गोळ्या नियमित घेणारा माणूस भरपूर जगतो. रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. माझ्या व्यवसायबंधूंना विनंती, की धीर करून बोलणाऱ्याला आधी तारीख विचारा, चारित्र्य नको.

आणखी एक. निगेटिव्ह अहवाल हातात पडल्यावर सुटकेचा श्वास टाकून काही जण तोंडातला व्रणही विसरून जातात. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, खरवडून न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा याचा एचआयव्हीशी संबंध नसेल, पण तो कर्करोगाची सुरुवात असू शकतो, आणि ती शंका मात्र तोंडात पाहून आम्हाला येऊ शकते. तो दाखवायला जरूर या.

आपली नम्र,
एक दंतवैद्य
(रुग्णांची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)