सही केली त्याच्या दुसऱ्या दिवशी

आदरणीय कॅप्टन सर,

सा. न. वि. वि.

गेल्या महिन्यात तुम्हाला ६५ पूर्ण झाली आणि नियमाप्रमाणे तुमचं उडणं थांबलं. निरोपाच्या जेवणाला सगळे तुमच्या लॉगबुकातल्या तासांबद्दल बोलले. मला जे बोलायचं होतं ते मॅनेजमेंटच्या टेबलासमोर उभं राहून बोलवेना, म्हणून हे पत्र. उघड लिहितोय, कारण आज छोट्या विमानांवर नव्याने लागलेल्या पोरांनी ते वाचावं असं मनापासून वाटतं. नाव कुणाचंच घेत नाही.

२०२१ चं ते वर्ष. लॉकडाऊनमध्ये पगार कापले तेव्हा कुणी ब्र काढला नव्हता. २५ मार्च २०२० पासून दोन महिने देशातली प्रवासी विमानं उभीच होती, ते सगळ्यांना दिसत होतं. पण नंतर विमानं भरून जायला लागली, आपण दिवसाला सहा-सहा लँडिंग करायला लागलो, तरी कापलेलं कापलेलंच राहिलं. तिघा एफओंनी, म्हणजे सहवैमानिकांनी, थकव्याचा रिपोर्ट टाकला, तर त्यांची नावं ड्यूटीच्या रोस्टरवरून गायब झाली. मग एकेकाला आत बोलावणं सुरू झालं. टेबलावर नवीन करार: पगाराच्या हमीचे तास कमी, नोकरी न सोडण्याचा बॉण्ड तीन वर्षांचा, आणि आज सही केली तर थकबाकी आठवड्यात.

लोकांना वाटतं, पायलटला काय कमी, दुसरीकडे जावं. पण आपल्या छोट्या एटीआर विमानाचं रेटिंग, म्हणजे ते उडवायची परवानगी, एअरबसवर चालत नाही, नव्या रेटिंगला पुन्हा लाखांत पैसे. त्यात २०१७ पासून डीजीसीएचा, म्हणजे सरकारी हवाई नियामकाचा नियम, कमांडरने (कॅप्टनने) वर्षाची नोटीस द्यायची आणि एफओने सहा महिन्यांची. म्हणजे राजीनामा टाकूनही रोज त्यांच्याच रोस्टरवर उडायचं. संपाचं म्हणाल तर तेव्हाच्या कायद्यात विमान वाहतूक लोकोपयोगी सेवा, आधी रीतसर नोटीस हवी. आणि पायलट कायद्याच्या भाषेत ‘कामगार’ आहे की नाही, यावरच कोर्टात वर्षानुवर्षं भांडण. अशा वेळी माणसाजवळ शेजारच्या सीटवरचा माणूस सोडून दुसरं काही उरत नाही.

बाकीचे सही नाकारत होते, आणि मी सही केली. आईचं ऑपरेशन ठरलं होतं, ट्रेनिंगच्या कर्जाचे दोन हप्ते थकले होते. त्या खोलीत मी अकरा मिनिटं होतो. बाहेर आलो तोवर पायलटांच्या ग्रुपवर माझं नाव पडलं होतं आणि खाली एकच शब्द: फितूर.

दुसऱ्या दिवशी पहाटेची ड्यूटी तुमच्याबरोबर होती. मला वाटलं, तुम्ही बोलणार नाही. तुम्ही नेहमीसारखं विचारलं, ‘‘आईचं कधी आहे?’’ आणि इंधनाचा आकडा बघायला लागलात.

परतीच्या उड्डाणाला मुंबईत पाऊस. विमान तुमच्या हातात, मी मॉनिटरिंगला, म्हणजे आकडे बघून चूक सांगायला. हजार फुटांवर स्पीड पंधरा नॉट जास्त. मी ‘‘स्पीड’’ म्हणालो, पण मलाच ऐकू येईना इतकं हळू. पाचशे फूट आले तरी विमान स्थिर होईना. तिथे ‘‘अनस्टेबल, गो-अराऊंड’’, म्हणजे न उतरता परत वर चला, असं म्हणणं माझं काम. ते मी म्हणालो, पण एक क्षण उशिरा. तो एक क्षण मला अजून आठवतो. आदल्या दिवशी ज्यांची साथ सोडली, त्यांची चूक आज कोणत्या तोंडाने काढू, हे मनात आलं होतं. माझा शब्द पुरा व्हायच्या आत तुम्ही पॉवर लिव्हर पुढे केलेत.

दुसऱ्या फेरीत उतरलो. पार्किंग ब्रेक लावून टेक लॉग, म्हणजे विमानाची नोंदवही, भरता भरता तुम्ही माझ्याकडे न बघता, तुमच्या नागपुरी ढंगात म्हणालात, ‘‘काल सही केली म्हणून आज आवाज बारीक करतो काय रे? मागे सत्तर माणसं बसली आहेत. त्यांना तुझ्या सहीशी काय करायचं आहे?’’

त्या दुपारी कँटीनमध्ये तुम्ही मला अमेरिकेतल्या कॉन्टिनेन्टल विमान कंपनीची गोष्ट सांगितलीत. १९८३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी दाखल करून करार मोडले, पायलट संपावर गेले, तो संप १९८५ पर्यंत चालला. जे संप मोडून उडाले त्यांना बाकीच्यांनी पुढे कित्येक वर्षं माफ केलं नाही. एकाच कॉकपिटमध्ये बसून चेकलिस्टपलीकडे शब्द नाही. ‘‘त्यांचा राग मला कळतो,’’ तुम्ही म्हणालात, ‘‘पण असं कॉकपिट मला नको.’’ संध्याकाळी तुम्ही ग्रुपवर लिहिलंत की तो शब्द काढा. काढला गेला.

तुम्ही मवाळ होतात म्हणून हे केलंत, असं कुणी समजू नये. तिघं परत रोस्टरवर येईपर्यंत सही नाही, हे तुम्ही त्याच खोलीत बसून सांगितलंत, आणि त्यापायी ट्रेनिंग कॅप्टनचं पद आणि भत्ता दोन्ही गमावलंत. २००९ चा दाखला तुम्ही नेहमी द्यायचात: जेट एअरवेजचे पायलट काढून टाकलेल्या सहकाऱ्यांसाठी पाच दिवस आजारी रजेवर गेले आणि त्यांना परत घ्यावं लागलं. त्याच श्वासात २०१२ चंही सांगायचात. एअर इंडियात एकाच कंपनीत दोन संघटना, नव्या ड्रीमलायनर विमानाचं ट्रेनिंग कुणाला यावरून वाद, ५८ दिवसांचा संप. ‘‘आपसात फूट असली की समोरच्याला काही करावंच लागत नाही,’’ हे तुमचं वाक्य.

पंधरा दिवसांनी मी सही मागे घेतल्याचं पत्र दिलं आणि माझा पगार थांबला. तेव्हा ती निळी खातेवही पहिल्यांदा पाहिली. कॅप्टन लोक पैसे घालत होते, एफओंचे हप्ते त्यातून जात होते. घेणाऱ्याचं नाव कुठेच नाही, फक्त एटीआरचे सीट नंबर. २ए, ४डी. मी ७सी. सही केलेल्याला का द्यायचं, असं एकाने विचारलं, तर तुम्ही म्हणालात, ‘‘हप्ता चुकला तर बँक हे विचारणार आहे का?’’ माझे तीन हप्ते त्या वहीतून गेले.

कामगार आयुक्तांच्या कचेरीत बैठका झाल्या, तिघं परत आले, बॉण्ड एका वर्षावर आला. पगार पुरता परत यायला आणखी वर्ष गेलं आणि दोघं चांगले कॅप्टन तेवढ्यात आखातात निघून गेले. याचं दुःख तुम्हाला अजून आहे, मला माहीत आहे. पण जुलै २०२५ मध्ये पायलटांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर आली, त्यासाठी पायलटांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात ठाम उभ्या राहिल्या, तेव्हा मला थकव्याचा रिपोर्ट टाकणारे आपले ते तिघं आठवले.

मला कमांड मिळून, म्हणजे कॅप्टन होऊन, आता दीड वर्ष झालं. ब्रीफिंगमध्ये मी प्रत्येक एफओला सांगतो, काही खटकलं तर मोठ्याने बोल. सांगताना तुम्ही डोळ्यांसमोर असता.

आई चालती-फिरती आहे. तुम्ही दोघं कधी जेवायला येताय, असं दर रविवारी विचारते. यावेळी तारीख कळवाच.

वही माझ्याकडे नीट आहे. या महिन्यात दोन सीट भरल्या आहेत.

आपला,
७सी