रविवारी रात्री तू निघालीस त्यानंतर

चि. राणीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर आपलं भांडणच होतं, म्हणून लिहितोय. रविवारी रात्री साडेदहाला तू गाडी काढलीस आणि मी दारापर्यंतसुद्धा आलो नाही. पहाटे तीनला तुझा 'पोचलो' आला, तोवर सोफ्यावर बसून होतो. (चाकणच्या पोरी हसत असतील या आपल्या कोल्हापुरी 'पोचलो'ला. हसू देत.)

रात्रीच्या गाडीचा विषय आता काढणार नाही.

तू ब्रेकच्या कामात लागलीस हे उद्यमनगरात चार दुकानांत सांगून आलो. सोळाव्या वर्षी तिथंच फाउंड्रीत लागलो होतो. वाळू मुठीत दाबून ओल बघायची. ओल जास्त झाली तर लोखंडाचा रस ओतताना वाफ धरायची आणि ब्रेकच्या ड्रममध्ये ब्लो होल, म्हणजे पोकळ भोकं, पडायचे. पुढं एसटीच्या डेपोत तसलेच ड्रम हातोडीनं वाजवून बघितले. खणखणीत वाजला तर बरा, बद वाजला तर तडा. मग स्वतःचा ट्रक घेतला आणि तेच ड्रम आंबा घाटात जाळले. शेवटी लेथवर लोकांचे ड्रम टर्निंग करून दिले. तू ते कागदावर काढतेस. आजोबा असते तर पेढे वाटले असते.

एक गोष्ट तुझ्या आईलाही माहीत नाही. रत्नागिरीला साखर घेऊन चाललो होतो, सलग दुसरी रात्र. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल केलं. ब्रेकच्या लायनरचा जळका वास आला, पाय दाबला तरी गाडी धरेना. डोंगराकडच्या गटारीत चाकं घातली म्हणून थांबली. किन्नर, गाडीवरचा क्लीनर, रडत होता. ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरायचा, हे मीच त्याला शिकवलं होतं. ब्रेक चांगले होते गं, झोप नव्हती.

खंबाटकीचा बोगदा संपला की उतारच आहे. तिथं तू दीड-दोनला पोचतेस, दिवसभर पाहुण्यांत राबून. बघ, परत तेच आलं. पोरगी म्हणून अडवत नाही, दादालाही हेच सांगितलं असतं. नसतं सांगितलं कदाचित. चुकलं माझं.

पुढच्या खेपेला सोमवारी पहाटे चारला निघ. चहा मी करतो.

तू दुपारी पाहुण्यांत होतीस तेव्हा चाकं काढून बघितली. पुढचे ब्रेक पॅड निम्मे आहेत. स्टेपनीत हवा नव्हती, भरून आणली.

तुझे पपा