वल्हांडणाला जाताना चटणी तपासा

मा. संपादक,

वल्हांडणाला (पेसाह, ज्यूंचा सण) इस्रायलमधल्या बेने इस्रायली (मराठी ज्यू) आप्तांकडे जाणाऱ्यांनी सामानातली कांदा-लसूण चटणी आधी तपासावी. तिच्यात हिंग असतो, आणि बाजारच्या मिश्र हिंगात बहुधा गव्हाचं पीठ. सणाच्या सात दिवसांत ते घरात ठेवताच येत नाही. चटणी बिनहिंगाची, डंकावर कुटून घ्यावी. आधीच्या गिऱ्हाइकाची चटणी डंकाला चिकटलेली असते, म्हणून मूठभर सुकी मिरची कुटून टाकून द्यावी. तरीही यजमानांना विचाराच. काही घरांत कोशर (ज्यू आहारनियमांत बसणारा) असा छाप असलेलाच मसाला चालतो.

भात बेने इस्रायली खातात, अश्केनाझी (मूळच्या युरोपीय ज्यू) घरांत बहुधा नाही. तांदूळ सणाआधीच तीनदा निवडावा, कारण त्यात गव्हाचा दाणा सापडतो.

हरोसेत (सणाच्या ताटातला खजुराचा गोड पाक) मात्र घरीच करावं. बिनबियांचा एक किलो खजूर दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवून शिजवावा, मलमलीतून पिळून रस मंद आचेवर आटवावा. शेवटी तो तळाला चटकन लागतो आणि कडवट होतो, तेव्हा हात थांबवू नये. पातळ राहिला तर आंबतो. पूर्ण गार झाल्यावरच कोरड्या बरणीत भरावा.

– एक वाचक, कोल्हापूर