हाकललेल्याला परत घ्यावं का?

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तुमच्या ऑनलाइन गटातून काढून टाकलेला सभासद वर्षभरानं परत यायचं म्हणतोय आणि तुम्हा ॲडमिन मंडळींत दोन तट पडलेत, याचं मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते दोन्ही तट एकाच मुद्द्यावर भांडतायत याचं: त्याला खरंच पश्चात्ताप झालाय का? अरे, हे कळणार कुणाला? गोड शब्दांत माफी लिहायला पाच मिनिटं लागतात, आणि ज्याला मनापासून लाज वाटते त्याला कित्येकदा धड एक ओळ सुचत नाही. तो नाद सोडा.

माझं मत विचारलंस. परत यायची वाट असावी, असं मला वाटतं, आणि यात दयाबुद्धीपेक्षा तुमचा स्वार्थ जास्त आहे. कायमचा हाकललेला माणूस जातो कुठे? पुष्कळदा दुसऱ्या नावानं तिथेच येतो. १९९३ साली लॅम्डामू नावाच्या, निव्वळ मजकुरावर चालणाऱ्या आभासी जगात एकानं इतरांच्या पात्रांवर शब्दांतून लैंगिक अत्याचार केले. लोक खवळले, खल झाला, शेवटी तिथल्या एका व्यवस्थापकानं त्याचं पात्रच पुसून टाकलं. पुढे गडी नवं पात्र घेऊन हजर! तेव्हा सुंठीवाचून खोकला गेला असं समजू नये. एरिक फ्रीडमन आणि पॉल रेझ्निक या दोघा अभ्यासकांनी २००१ साली याचीच दुसरी बाजू मांडली. नाव बदलणं फुकट असेल तिथे प्रत्येक नवख्याकडे संशयानं बघितलं जातं आणि विश्वास कमवायचा भुर्दंड त्यालाच पडतो. म्हणजे गुन्हा जुन्याचा, झळ नव्याला. जुन्या नावानं, उजळ माथ्यानं परत यायची सोय असेल तर निदान काही जण तरी वेषांतराच्या भानगडीत पडणार नाहीत.

इंग्रजी विकिपीडियावर ‘स्टँडर्ड ऑफर’ म्हणून एक प्रघात आहे, तो तुझ्या मंडळींना जरूर सांग. निदान सहा महिने लांब राहायचं. त्या काळात दुसऱ्या खात्यानं चोरून संपादनं करायची नाहीत. ज्या वागण्यापायी बंदी आली ते पुन्हा न करण्याचं वचन द्यायचं, आणि लोकांनी विरोध करावा अशी नवी कारणं पुरवायची नाहीत. एवढं पाळलं तरी प्रवेश हक्कानं मिळत नाही, विचार होतो इतकंच. मला यात सहा महिन्यांची अट फार आवडते. डूख धरून बसलेल्या माणसाला इतके दिवस गप्प राहवत नाही. तो कुठून तरी डोकावतोच आणि पकडला जातो. परत घेतलेल्यालाही सगळं रान मोकळं नसतं. ज्या विषयावरून वाद पेटले होते त्या विषयाला हात लावायचा नाही, अशी अट बऱ्याचदा घालतात.

नुसता काळ जाऊ देणं मात्र मला पुरेसं वाटत नाही. यूट्यूबवर स्ट्राइक, म्हणजे नियम मोडल्याचा ठपका, ९० दिवसांनी गळून पडतो. ठीक आहे, पण त्या ९० दिवसांत काहीच न टाकणाराही सुटतो. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर निलंबन असेपर्यंत सभासदानं कमावलेले गुण नुसते १ दिसतात आणि मुदत संपली की सगळे परत. शिक्षा संपली की संपली, हा रोखठोकपणा बरा वाटतो. पण सगळे अधिकार एका रात्रीत हातात आले की ‘ये रे माझ्या मागल्या’ व्हायला वेळ लागत नाही.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते सामायिक जंगलं, कुरणं, पाण्याचे पाट लोक आपापसांत कसे सांभाळतात याच्या अभ्यासासाठी. दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना दिसलं की पहिल्या चुकीला किरकोळ दंड असतो आणि तो पुढे चढत जातो. तुमच्याकडे ताकीद आणि हकालपट्टी यांच्या मध्ये पायरीच नव्हती. उतरायला पायऱ्या नव्हत्या, म्हणून आता चढायलाही नाहीत.

आता मला खटकलेली गोष्ट. तुझ्या पत्रात तो किती जाणकार आहे यावर अख्खा परिच्छेद आहे, आणि त्यानं सगळ्यांसमोर नको नको ते बोलल्यावर ज्या दोघी लिहायच्या बंद झाल्या, त्यांच्यावर अर्धं वाक्य. असंच होतं बघ. बोलक्या, हुशार माणसाची उणीव लगेच जाणवते. मुकाट्यानं निघून गेलेल्यांचा हिशेब कुणी ठेवत नाही. जाणकारीला सूट देऊ नका. त्या दोघींना खासगीत विचारा. सगळ्यांसमोर मत मागायचं नाही, ‘आता मोठ्या मनानं सोडून द्या’ असं सुचवायचंही नाही. नको म्हणाल्या तर कारण विचारू नका. आणि हे प्रकरण वाईट बोलण्याचं आहे म्हणून इतकं तरी बोलतोय. कुणाचा पाठलाग केला असता, कुणाचा पत्ता किंवा खासगी फोटो पसरवला असता, तर मी हे पत्र दोन ओळींत संपवलं असतं.

त्या हो म्हणाल्या तर तीन महिने त्याची प्रत्येक पोस्ट ॲडमिनच्या हाताखालून जाऊ दे, खासगी संदेश बंद ठेवा आणि फेरविचाराची तारीख आधीच सांगून टाका. जुनी नोंद तुमच्याकडे राहू दे, चारचौघांत उगाळू नका. पण हे बघणार कोण? तुम्ही सगळे नोकऱ्या सांभाळून फुकट राबता. तीन महिने रोज लक्ष ठेवायला कुणी एक जण कबूल होत नसेल, तर त्याला तसं सरळ कळवा आणि तूर्त नाही म्हणा.

त्या दोघींचं उत्तर येईपर्यंत त्याला काहीच शब्द देऊ नकोस. अटींचा मसुदा केलास की पाठव, रविवारी निवांत वाचून कळवतो.

तुझा,
अविनाश